वृद्धाश्रमाची तपासणी रात्री आठनंतर करा

माननीय समाजकल्याण मंत्री, समाजकल्याण संचालक आणि प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेचे संचालक,
गोवा सरकार, पणजी यांस

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

गोव्यातल्या वृद्धाश्रमांची तपासणी कशी व्हावी आणि तीत काय पाहिले जावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी निवृत्त परिचारिका आहे. माझी सारी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डांत झाली. वृद्धाश्रमातून आणलेला माणूस आमच्याकडे दाखल व्हायचा तेव्हा त्या घराची बाग, बाके, देवघर, चॅपेल यांतले काहीच आमच्यासमोर नसे. समोर असायची ती त्या माणसाची पाठ. कुशीवर वळवले की माकडहाड, खुबे, टाचा दिसत आणि गेला महिनाभर या माणसाला कोणी किती वेळा हात लावला होता, ते कोणाला न विचारता कळे. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या आजींची पाठ स्वच्छ, नखे कापलेली, जांघा कोरड्या, असे मी पाहिले आहे. जखमेच्या तळाशी हाड दिसते आहे आणि सोबत आलेल्या माणसाला ती जखम कधी झाली हेच सांगता येत नाही, असेही पाहिले आहे. दोन्ही माणसे कागदपत्रे पुरी असलेल्या घरांतूनच आलेली असत.

आता निवृत्त झाल्यावर लोक मला फोन करतात. मुलगा दुबईला असतो, मुलगी इंग्लंडमधल्या स्विंडनला, धाकटा बंगळुरूला. इकडे आई एकटी, घर मोठे, भाटाला (बागायतीला) राखण नाही. "सिस्टर, आईसाठी बरेसे घर सांगा." त्यांच्याजवळ असतात मोबाईलवरचे फोटो आणि महिन्याच्या फीचा आकडा. एवढ्यावर ते आईला कुठे ठेवायचे ते ठरवतात. मला ओळखीतून जे ठाऊक असते ते मी सांगते. पण सरकारने एखाद्या घराची पाहणी केली असेल, तर तिचा निष्कर्ष या मुलीला एका निवृत्त नर्सच्या तोंडून का कळावा?

हे काम राज्याचेच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आखण्याचा, तिथल्या सेवांचा आणि वैद्यकीय देखभालीचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. घरांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायचे काही कारण मला दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचे प्रमाण देशात साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते, गोव्यात अकरा टक्क्यांच्या वर. केरळच्या खालोखाल आपणच. इतर राज्यांना पुढे जे करावे लागणार आहे ते आपल्याला आधी करावे लागेल.

आता तपासणीकडे येते.

सकाळी अकरा वाजता कुठलेही घर बरे दिसते. आंघोळी झालेल्या असतात, फरशी पुसलेली असते, चुलीवर पेज असते, व्यवस्थापक हजर असतात. तपासणीची तारीख आधी कळली असेल तर चादरीही नव्या असतात. एका घरात मी सेवेला जात असे, तिथे साहेब यायच्या दिवशी म्हाताऱ्यांना पहाटे चारला उठवून आंघोळी घातल्या होत्या. दहा वाजता सगळे खुर्च्यांवर ओळीने बसलेले आणि बसल्या जागी पेंगत असलेले. पाहणाऱ्यांना घर शांत आणि टापटीप वाटले.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की वर्षातली निदान एक भेट न कळवता आणि रात्री आठनंतर व्हावी. दुसरी रविवारी. रात्री गेल्यावर हजेरीपटाआधी कामावर जागे असलेले हात मोजा. स्वतःहून कूस बदलता न येणारी माणसे किती, ते विचारा. समजा अशी दहा आहेत. दर दोन तासांनी वळवायचे म्हटले तर रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत पाच फेऱ्या, म्हणजे पन्नास वेळा वळवणे, आणि जड माणसाला वळवायला दोघे लागतात. त्यात ओले कपडे बदलणे, कोणाला शौचाला नेणे, कोणाला पाणी देणे. अशा घरात रात्री एकच बाई असेल, तर ती कितीही मायाळू असली तरी हे होणार नाही. मग रजिस्टरात 'दर दोन तासांनी कूस बदलली' असे एका अक्षरात, एकाच पेनने, रात्रभराचे लिहिलेले असले तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना पाच ताऱ्यांपर्यंत गुण देतात. सुरुवातीला कर्मचाऱ्यांची संख्या घरे स्वतःच कळवत आणि तीवर तारे मिळत. पुढे तिथल्या सरकारला ती माहिती पगारपत्रकावरून घ्यायची सोय करावी लागली. आपणही ड्युटीचा तक्ता आणि पगाराचा कागद शेजारी ठेवून पाहावा. ज्याला पगार दिला गेला नाही, तो रात्री कामावर होता असे कसे मानायचे?

रात्रीच्या भेटीत आणखी एक गोष्ट कळते. अनेक घरांत संध्याकाळी सहालाच जेवण उरकतात, कारण स्वयंपाकीण बाई सातच्या बसने घरी जाते. सकाळचा चहा आठला. मधे चौदा तास पोटात काही नाही. अमेरिकेच्या नियमांत रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांत चौदा तासांहून जास्त अंतर ठेवता येत नाही. ठेवायचेच असेल तर झोपताना पोटभरीचे काही द्यावे लागते. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. इन्सुलिन घेणारा माणूस पहाटे घामाने भिजून गळून पडला, तर त्याला 'वयाप्रमाणे होते' म्हणून झोपू देणारे लोक मी पाहिले आहेत. रात्री नऊला कपभर दूध आणि दोन बिस्किटे दिली जातात का, एवढे विचारून पाहा.

त्वचेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात घराची खरी परीक्षा तिथे होते. झोपून राहिल्याने होणारी जखम सहसा एका रात्रीत खोल होत नाही. आधी त्या जागी लाली येते. बोटाने दाबून सोडले तरी ती जात नाही. त्या दिवशी कोणी पाहिले, त्या बाजूवर झोपवणे बंद केले, चादर कोरडी ठेवली, तर पुढचे सगळे टळते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत. दमट चादर, दमट लंगोट, आणि वीज गेली की हवेच्या गादीचा पंपही बंद. पावसाळ्यात अशा जखमांची माणसे आमच्याकडे जास्त येत, हे माझ्या सोबतच्या कुठल्याही सिस्टर सांगतील. तेव्हा तपासणीच्या फॉर्मात लिहून घ्या, की आज किती जणांना अशी जखम आहे, ती या घरात आल्यावर झाली की येतानाच होती, पहिली नोंद कोणत्या तारखेची आणि त्या वेळी ती केवढी होती. सोबतची नर्स चादर बाजूला करून पाहील तेव्हाच हा रकाना भरायचा. त्या माणसाची परवानगी घेऊन, पडदा ओढून, त्याची लाज राखून.

इथे एक न्यायाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विसरू नये अशी माझी विनंती आहे. जखमांची नुसती संख्या पाहिली, तर सर्वात आजारी माणसांना घेणारी घरे वाईट ठरतील. आपल्याकडे कितीतरी घरे फक्त चालत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. माणूस अंथरुणाला खिळला की घरच्यांना बोलावून 'आता घेऊन जा' म्हणतात. त्यांच्याकडे जखम नसणार हे उघडच आहे. ज्यांना कोणी घेत नाही अशांना घेणाऱ्या घरांचे (त्यांत धर्मभगिनींनी चालवलेली काही घरे येतात, त्यांच्यापुढे मी हात जोडते) काम मोजायचे तर आधी तिथली माणसे किती परावलंबी आहेत ते मोजायला हवे. त्यासाठी बार्थेल निर्देशांक आहे, १९६५ पासून जगभर वापरला जातो. खाणे, आंघोळ, कपडे, शौच, चालणे, जिने चढणे अशा दहा बाबींना गुण द्यायचे, एकूण शंभर. एका माणसाला दहा मिनिटेही लागत नाहीत. घरात घेताना एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी तो केला, तर माणूस या घरात आल्यावर सावरला की ढासळला, हेही कळत जाईल.

वजनही तसेच. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरले, तर काहीतरी बिघडले आहे असे समजतात. पन्नास किलोच्या आजी महिन्याभरात साडेसत्तेचाळीसवर आल्या, तर डॉक्टरला कळवायला हवे. उभे राहता येत नाही म्हणून वजनच करत नाही, असे उत्तर मिळते. मग शिंप्याची टेप घ्या आणि पोटरीचा घेर मोजा. ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ती माणसे नीट जेवत नाहीत, असे धरून शोध घ्या. आणि शोध घेताना थेट तोंडात पाहा. कवळी कुठे आहे? आंघोळीच्या वेळी सगळ्यांच्या कवळ्या एका भांड्यात टाकल्या आणि नंतर कोणाची कोणती ते कळेना, म्हणून त्या बाजूला ठेवून दिल्या, असे होते. मग सगळ्यांना सगळेच वाटून, कालवून. ज्या माणसाने जन्मभर हुमण-शीत (माशांची आमटी आणि भात) खाल्ले, तळलेली मासळी काटे काढून खाल्ली, त्याला दोन्ही वेळा डाळ-भाताचा लगदा. तो तोंड मिटून घेतो आणि कागदावर लिहिले जाते की भूक मंदावली. चष्मा आणि कानातले यंत्र यांचेही हेच. कवळी, चष्मा, यंत्र यांवर नाव आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. माझ्या मते त्या अर्ध्या तासात इमारतीच्या दाखल्यांपेक्षा जास्त कळते.

झोपेच्या आणि मेंदू शांत करणाऱ्या गोळ्यांचे कपाट उघडायला लावा. विसराळूपणाचा आजार झालेली माणसे संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, 'घरा वचूंक जाय' (घरी जायचे आहे) म्हणत दाराशी येतात, ओरडतात. त्यांना गप्प करायला मनोविकारावरची गोळी देणे सोपे असते. या माणसांना या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिलेला आहे. कधी कधी त्या लागतातही, मी नाही म्हणत नाही. पण कोणी लिहून दिल्या, कशासाठी, आणि पुन्हा कधी तपासल्या, याची चिठ्ठी असायलाच हवी. तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर आजही तीच गोळी चालू असेल तर ते लिहून घ्या. खुर्चीला ओढणीने किंवा लुंगीने बांधलेला माणूस दिसला, तर 'पडू नये म्हणून' हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. बांधलेल्या माणसाचे पाय आणखी दुबळे होतात आणि सुटला की तो हमखास पडतो.

आता सगळ्यात अवघड भाग, माणसांशी बोलण्याचा. व्यवस्थापक शेजारी उभे असताना 'आजी, इथे बरे आहे ना?' विचारले तर उत्तर एकच येणार. साहेब निघून जातील आणि रात्री शौचाचे भांडे द्यायला हीच बाई येणार, हे त्या आजींना कळते. तक्रारपेटी भिंतीवर असते, पण हात थरथरतो, दिसत नाही, आणि पेटीची किल्ली ऑफिसातच. तेव्हा निदान काही जणांशी एकांतात बोला, आणि ज्यांना भेटायला कोणीच येत नाही त्यांच्यापासून सुरुवात करा. बोलणे त्यांच्या भाषेत हवे. गोव्यातल्या एकाच खोलीत कोकणी, मराठी आणि जुनी पोर्तुगीज शिकलेली माणसे असतात. काळजी घेणारी मुले-मुली पुष्कळदा झारखंड, ओडिशा, आसाम, कर्नाटकातून आलेली. ती हिंदीत बोलतात. विसराळूपणा वाढला की माणसाची मागून शिकलेली भाषा आधी जाते, आईची भाषा उरते. पाणी हवे, लघवीला जायचे आहे, दुखते आहे, थंडी वाजते आहे, एवढे तरी त्या मुलीला कोकणीत कळायला हवे. ते तिला शिकवले आहे का, हा प्रश्न तुमच्या फॉर्मात असावा.

जी माणसे बोलूच शकत नाहीत त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड यांनी एक पद्धत तयार केली. पाहणारा माणूस दिवाणखान्यात बसून राहतो आणि दर पाच मिनिटांनी नोंद करतो, की समोरची माणसे काय करत आहेत, त्यांच्याशी कोण कसे बोलले, चेहऱ्यावर काय दिसले. पूर्ण पद्धतीला प्रशिक्षण लागते. पण तुमच्या अधिकाऱ्याने चहा न घेता, फोन न पाहता दुपारी एक तास हॉलमध्ये बसावे. त्या तासात किती जणांशी कोणी एक शब्दही बोलले नाही? भरवताना वाढणारी बाई त्या माणसाकडे पाहत होती की भिंतीवरच्या मालिकेकडे? कोणी 'बाय' म्हणून हाक मारून आत आले की दार न वाजवता चादर ओढली? आंघोळीला नेताना बाईमाणसाला उघडे ठेवून बोळातून नेले का? शौचाला जायचे म्हणून कोणी हाक मारली, तर माणूस किती मिनिटांनी आला? घड्याळ लावून पाहा.

भजन होते का, रविवारी मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) नेतात का, चवथीला कोणाला घरी पाठवतात आणि ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी काय करतात, हेही विचारा. पण नुसत्या कार्यक्रमांच्या फोटोंवर गुण देऊ नका.

काळजी घेणाऱ्यांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. ज्या घरात मुलगी सलग चोवीस तास ड्युटी करते, म्हाताऱ्यांच्याच खोलीत जमिनीवर झोपते आणि महिन्याला एक सुट्टी मिळवायला हात जोडते, तिथे चांगली सेवा टिकत नाही. तिचा पगार, तिची झोप, तिचे प्रशिक्षण हा सेवेच्या दर्जाचाच भाग म्हणून तपासा. शिकवण्याजोगे ज्ञान गोव्यात आहे. संगत या आपल्याकडच्या संस्थेच्या अभ्यासात स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन विसराळूपणाच्या रुग्णांच्या घरी पाठवले गेले आणि सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे कमी झाला. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. बांबोळीला परिचर्या शिक्षणाची सरकारी संस्था आहे. तिथल्या विद्यार्थिनी प्रत्येक तालुक्यातल्या घरांत ठरावीक दिवशी जाऊन शिकवू शकतील आणि शिकूही शकतील.

तपासणीच्या पथकात म्हणून तिघे असावेत. खात्याचा अधिकारी, एक नर्स, आणि त्या घराशी काही संबंध नसलेला एक ज्येष्ठ नागरिक. प्रोव्हेदोरिया पोर्तुगीज काळापासून निराधारांना आसरा देत आली आहे, तिचे गोव्यावर ऋण आहे. पण तिची घरे सरकारचीच असल्यामुळे त्यांची तपासणी खात्याबाहेरच्या माणसांनी करावी आणि ती सगळ्यात आधी करावी. खाजगी घरांना मग काही बोलायला जागा राहणार नाही.

अहवाल दडवू नका. इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक घराला आपला दर्जा दर्शनी भागात लावावा लागतो, 'अपुरा' असला तरी. आपल्याकडे दारावर एक पान लावावे, कोकणी, मराठी आणि इंग्रजीत. शेवटची भेट कधी झाली, रात्रीचे कर्मचारी किती, परावलंबी माणसे किती, जखमा किती, काय सुधारायला सांगितले आणि कधीपर्यंत. तेच खात्याच्या संकेतस्थळावर, म्हणजे स्विंडनमधल्या मुलीला फोटोंवर भागवावे लागणार नाही. सोबत कराराचा नमुनाही द्या. अनामत किती, माणूस वारला किंवा घर सोडून गेला तर त्यातली किती परत मिळणार, आजार वाढला तर ठेवणार की काढणार, हे आधीच लेखी हवे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन त्या पानावर मोठ्या अक्षरांत असू द्या. आणि घरातला फोन म्हाताऱ्यांना कोणाला न विचारता वापरता येतो का, ते पाहा.

दोष सापडला की घर बंद करा, असे मी म्हणत नाही. बंद केलेल्या घरातली माणसे कुठे जाणार? आधी मुदत द्या, नर्स पाठवा, गादी द्या, पुन्हा न कळवता जा. जिथे माणसांना मारहाण होते, उपाशी ठेवले जाते, तिथे मात्र मुदत नको. त्यांना त्याच दिवशी हलवता येईल अशा खाटा राखून ठेवा.

येत्या १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आहे. त्या दिवशी शाल-श्रीफळ द्याच, पण त्याआधी निदान प्रोव्हेदोरियाच्या घरांचे अहवाल जाहीर झालेले असावेत, एवढी मागणी मी या पत्राने करते. अशा पथकात विनामोबदला काम करायला मी तयार आहे. माझ्यासारख्या आणखी निवृत्त सिस्टर्स फोंडा, डिचोली, मडगाव, म्हापसा इथे आहेत, त्याही येतील. रात्रपाळीची आम्हाला सवय आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
फोंडा, गोवा